घर दुरुस्त करायचंय, बाहेरून किती बदललं तर परवानगी लागते ते एकदा लिहून द्या

प्रति,
कोकण किनारपट्टीवरच्या नगरपरिषदा, नगरपंचायती, ग्रामपंचायती आणि नगररचना विभागातले सर्व साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या एका वाडीत राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा एका गावाचा किंवा एका ऑफिसचा प्रश्न नाहीये, वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत ज्याचं ज्याचं जुनं कौलारू घर आहे त्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोगावं लागतंय. आमचं घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी आणि खळं (अंगण), मागीलदारी न्हाणी. काही वासे वाळवीने खाल्लेत, पश्चिमेची भिंत दर पावसात ओल धरते, म्हणून दुरुस्ती काढायची आहे. आता दुरुस्ती म्हटली की बाहेरून थोडंफार बदलणारच ना. पडवीचा एक कोपरा बंद करून सासूबाईंसाठी संडास-बाथरूम घरातून जाता येईल असं करायचंय (पावसात रात्रीचं मागीलदारी जायचं त्यांचं वय राहिलेलं नाही), एक खिडकी मोठी करायची आहे आणि छप्पर आहे त्याच उंचीवर नव्याने घालायचं आहे. एवढंच.

याला परवानगी लागते का, आणि लागत असेल तर कुणाची, एवढा साधा प्रश्न घेऊन मी गेले तर प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर. एक म्हणाले दुरुस्तीला काही लागत नाही, खुशाल करा. दुसरे म्हणाले खिडकीला हात लावलात तरी नकाशा पास करून घ्या, नाहीतर उद्या कुणी तक्रार केली तर आम्ही काही करू शकणार नाही. तिसरे म्हणाले सीआरझेडमध्ये (म्हणजे समुद्राजवळच्या, बांधकामाला बंधनं असलेल्या पट्ट्यात) आहे, विषय सोडा. बरं, जे "खुशाल करा" म्हणाले त्यांना म्हटलं दोन ओळी लिहून द्या, तर ते पण नाही. माझा राग त्या माणसांवर नाही, त्यांच्या हातात तरी लिहून द्यायला काय आहे? म्हणूनच हे पत्र.

कायदा मी वाचला, जमेल तसा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याच्या कलम 43 मध्ये विकास करायला परवानगी घ्या असं आहे आणि तिथेच सूटही दिलेली आहे, की इमारतीची देखभाल, सुधारणा किंवा फेरफार करताना तिचं बाहेरचं रूप फारसं बदलत नसेल तर परवानगीची गरज नाही. म्हणजे 1966 सालीच कायदा करणाऱ्यांना कळलं होतं की घर दुरुस्त करणारा आणि नवीन बांधणारा यांना एकाच दोरीत बांधायचं नसतं. पण हे "फारसं" म्हणजे किती? कोकणातल्या घराला ते कसं लावायचं? पडवीला ग्रिल बसवली तर रूप बदललं का? कौलं काढून कलर कोटेड पत्रा घातला तर? चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारून रंग दिला तर? लाकडी खांब काढून आरसीसीचे उभे केले तर? गडगा (दगड नुसते रचून केलेलं कुंपण) काढून सहा फुटी कंपाऊंड वॉल घातली तर? हे कुणीच ठरवलेलं नाही, त्यामुळे त्या दिवशी टेबलावर जो बसलेला असेल तो ठरवतो, आणि त्यालाही पुढे आपल्या गळ्याशी येईल ही भीती असते म्हणून तो सरळ "नकाशा आणा" म्हणून मोकळा होतो.

मग नकाशा काढायला गेलो तर तिथे वेगळंच. नवीन बांधकामाचं सगळं ठरलेलं असतं, पुढे एवढी मार्जिन म्हणजे मोकळी जागा सोडायची, बाजूला एवढी, पार्किंग, टाकी कुठे. आमचं घर पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कडेला उभं आहे, जोत्यापासून पाखाडी दोन हातांवर, पुढची मार्जिन आणायची कुठून? ते घर बांधलं तेव्हा मार्जिन हा प्रकारच नव्हता. नकाशा करणाऱ्याने सरळ सांगितलं, दुरुस्ती म्हणून टाकलंत तर अडकेल, त्यापेक्षा पाडा, मागे सरका आणि स्लॅबचं नवीन टाका, ते पास व्हायला सोपं. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. जो माणूस आहे ते घर राखायला बघतोय त्याला वाट नाही, आणि जो पाडायला तयार आहे त्याचा फॉर्म तयार आहे! हे नियम करणाऱ्यांच्या मनात नव्हतं हे मी मान्य करते, पण आज प्रत्यक्षात हेच होतंय, कुठल्याही वाडीत एक फेरी मारून बघा, चार घरांपैकी एक तरी असं चौकोनी डबा झालेलं दिसेल.

आणि पाडून बांधलेल्या त्या घरांचं पुढे काय होतं ते पण बघा. रत्नागिरीकडे, आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि नुसता वरून नाही, समुद्राकडून आडवा. आमची पडवी काय करते, तर छप्पर इतकं खाली आणते की पागोळी भिंतीपासून चांगली चार-पाच हात लांब पडते, चिऱ्याला झड लागतच नाही. पश्चिमेची आमची भिंत ओल का धरते माहितीये? कारण त्या बाजूची पडवी मागे केव्हातरी वादळात पडली आणि परत घातलीच नाही, तिथे भिंत उघडी राहिली, वर कुणीतरी सिमेंटचं प्लास्टर मारलं, ते आता टिचकी मारली की पोकळ वाजतं, एका जागी पोपडा निघाला तर आत चिरा ओला, हात लावला तर लालसर चिखल बोटाला. शेजारची भिंत त्याच खाणीच्या चिऱ्याची, प्लास्टर नाही, पडवी शाबूत, आणि ती भर श्रावणात कोरडी ठणठणीत. हे ज्याने बघितलंय त्याला बाहेरचं रूप म्हणजे नुसती शोभा वाटणार नाही. कोकणातल्या घराचं बाहेरचं रूप हेच त्याचं पावसापासूनचं संरक्षण आहे.

स्लॅबच्या घराला ही पडवी नसते. दोन-पाच पावसाळ्यांत स्लॅब पाझरायला लागतो, खाऱ्या हवेने आतल्या सळ्या गंजून फुगतात, सिलिंगचे तुकडे पडतात, मग स्लॅबवर लोखंडी अँगल उभे करून पत्र्याची शेड. ती शेड आधी मंजूर नकाशात नसते म्हणून ती अनधिकृत, मग तिची नोटीस, मग दंड नाहीतर वशिला. म्हणजे ज्याला परवानगी दिली त्याच घरावर शेवटी तुम्हालाच नोटीस काढायची वेळ येते.

आमच्या छपराचं काम बघायला जुने सुतार आले होते, त्यांनी वर चढून एकेक वासा ठोकून बघितला, खराब होते त्यावर खडूची फुली मारली, बाकीच्यांवर हात फिरवून म्हणाले, "ह्येंका अजून तीस वर्सां काय्येक होवचा नाय." फुल्या निम्म्यापेक्षा कमी वाशांवर होत्या. मंगलोरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा पहिला कारखाना काढला, तेव्हापासून ही कौलं गलबतांनी या किनाऱ्यावर यायला लागली, आणि आजही जुन्या घराची उतरवलेली कौलं धुऊन परत वापरता येतात, एखादं फुटलं तर तेवढंच बदलायचं. पत्रा एकदा गंजला की अख्खा गेला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली भागात जे झालं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आमच्या इथून गेलं तेव्हा कौलंही उडाली, पत्रेही उडाले, खोटं का बोलू. पण उडालेलं कौल खळ्यात फुटून पडतं, उडालेला पत्रा दुसऱ्याच्या घरावर जाऊन बसतो. दोन्ही वादळांनंतर लोकांनी घाईघाईत मिळेल ते छपरावर घातलं, कारण पुढे पाऊस होता. त्या वेळी "जसं होतं तसंच परत घालणाऱ्याला काही विचारणार नाही" एवढा एक कागद गावागावात लावला असता तर कितीतरी घरं कौलारू राहिली असती असं मला वाटतं.

आता सोप्या वाटेबद्दल. 2020 च्या शेवटी आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत छोट्या भूखंडांना मोठी सवलत दिली, 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर जवळजवळ नुसतं कळवून काम सुरू करता येतं आणि 300 पर्यंत दहा दिवसांत परवानगी. चांगलंच आहे. पण ती सवलत भूखंडाच्या मापाने आहे. शहरातल्या प्लॉटला ती बसते. आमचं घर नऊशे चौरस फुटांचं, पण ते उभं आहे वीस गुंठ्यांच्या वाडीत, नारळ-सुपारी-आंब्यांत, म्हणजे दोन हजार चौरस मीटरच्या भूखंडात. खिडकी मोठी करायची तरी आम्ही मोठ्या भूखंडवाले! घराच्या बाहेर किती बदल होतोय ते मोजा ना साहेब, वाडी किती मोठी आहे ते कशाला मोजता.

सह्यांचं तर विचारू नका. सातबाऱ्यावर नावं किती असतात तुम्हाला माहीत आहे, चुलत सासरे, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, कुणी वारलेत आणि वारस लागलेले नाहीत. कुणाचा विरोध नाही, उलट घर राहिलं पाहिजे असंच सगळे म्हणतात, पण सगळ्यांची संमती एका स्टॅम्प पेपरवर आणायची म्हणजे वर्ष जातं. नवीन बांधकामाला सगळ्यांची संमती मागा, ते बरोबरच आहे, जमिनीचा हक्क असतो त्यात. पण जोतं तेच, उंची तीच, घरपट्टी ज्याच्या नावावर तो तिथेच राहतोय, आणि छप्पर बदलायचंय, तर त्याला चौदा सह्या कशाला? राहणाऱ्याचं हमीपत्र आणि असेसमेंटचा (घरपट्टी आकारणीचा) उतारा एवढ्यावर काम व्हायला हवं. आणि सह्या लागणारच असतील तर एक सुचवते, मनापासून सुचवते: गणपतीत सगळे चाकरमानी गावात असतात, एरवी कधीच एकत्र नसतात, तेव्हा ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत दोन दिवसांचं शिबिर लावा, तुमचा एक माणूस, एक टायपिस्ट, तिथेच संमती, तिथेच आधार कार्ड बघायचं, विषय संपला. सगळ्या किनाऱ्याचं काम त्या आठवड्यात होईल.

वेळेचंही असंच. कायद्यात 60 दिवसांत निर्णय द्यायचा आहे, न दिला तर परवानगी मिळाली असं धरतात, हे कलम 45 मध्ये आहे आणि ते ऐकायला छान वाटतं. पण त्यातच असंही आहे की तुम्ही त्रुटी काढली आणि आम्ही उत्तर दिलं की ते 60 दिवस उत्तराच्या तारखेपासून मोजायचे. एक त्रुटी जानेवारीत, दुसरी मार्चमध्ये, की आला मे. कोकणात छपराचं काम दिवाळीनंतर सुरू करून मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आत उरकावंच लागतं, 7 जूनला मिरग, त्याच्या आधी शेवटचं कौल बसलं पाहिजे. मे महिन्यात परवानगी हातात दिलीत तर ती पुढच्या वर्षाची झाली, आणि तोवर आणखी एक पावसाळा त्या सडक्या वाशांखाली झोपायचं. माझी विनंती आहे की दुरुस्तीच्या अर्जात ज्या त्रुटी काढायच्यात त्या सगळ्या एकदाच, एकाच पत्रात काढा, आणि दसऱ्यापर्यंत आलेल्या अर्जाला डिसेंबरच्या आत उत्तर द्या, हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण कारणासकट.

सीआरझेडची भीती सगळ्यात जास्त दाखवली जाते, आणि अर्धवट माहितीवर. भरतीरेषेपासून 200 मीटरच्या ना-विकास पट्ट्यात नवीन बांधकामाला बंदी आहे, ती असायलाच हवी, समुद्र कुठपर्यंत येतो ते आम्हाला सांगायला नको. पण त्याच अधिसूचनेत, 2011 च्याही आणि 2019 च्याही, आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी चालते, मुख्य अट ही की आहे त्या जोत्याच्या आणि आहे त्या एफएसआयच्या (जागेच्या मानाने किती बांधकाम आहे त्या मापाच्या) बाहेर जायचं नाही. शिवाय 2019 मध्ये असंही आहे की 300 चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला स्थानिक संस्थेनेच मंजुरी द्यायची, राज्याच्या प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, फक्त सीआरझेडच्या नियमांत बसतंय ना ते तपासून घ्यायचं. म्हणजे अधिकार तुमच्याकडेच आहे! मग "विषय सोडा" का? अडतं ते "अधिकृत" वर. आजेसासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा परवानगीचा कागद देत कोण होतं, त्यांच्याकडे घरपट्टीच्या पावत्या आहेत, पिवळ्या पडलेल्या, शाईच्या. 1991 साली सीआरझेड पहिल्यांदा आलं, त्याच्या आधीच्या असेसमेंटमध्ये ज्या घराची नोंद आहे ते दुरुस्तीपुरतं अधिकृत धरायचं, असं तुम्ही वरून मार्गदर्शन मागवून एकदाचं स्पष्ट करून घ्या. आता स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्डं मिळतायत, घर कुठे आहे आणि केवढं आहे ते तुमच्या कॉम्प्युटरवर दिसतंय, तो पुरावा दुरुस्तीलाही चालवा.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की हिला परवानगीच नकोय. अजिबात नाही. परवानगी हवीच. आमच्याच वाडीत एकाने घर नवीन करताना जोतं तीन फुटांनी वर घेतलं, भर घातली, आणि खालच्या बाजूला गडगा काढून सरळ भिंत घातली. आधी पावसाचं पाणी त्या गडग्याच्या फटींतून हळूहळू व्हाळाकडे (ओढ्याकडे) जायचं, आता ते अडतं आणि शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या खळ्यात घुसतं, गेल्या पावसात त्यांच्या तुळशीपर्यंत पाणी होतं. त्या घराचा नकाशा मंजूर आहे. मार्जिन बरोबर, उंची बरोबर, पण पाणी कुठे जाणार हे कुणी विचारलंच नाही, कारण कुणी जागेवर आलंच नाही. म्हणून म्हणते, बाहेरून काय बदलतंय हे बघणं फार महत्त्वाचं आहे, त्यावर कडक राहा, जोतं वाढवणं, छप्पर उंच करणं, पागोळी शेजाऱ्याच्या हद्दीत पडणं, पाखाडीवर पायऱ्या आणणं, समुद्राच्या बाजूला मजला चढवणं, गडगा बंद करणं, यांना नकाशा, जागेची पाहणी, शेजाऱ्याचं म्हणणं, सगळं घ्या. आणि कौल बदलणं, वासे बदलणं, पडलेली पडवी पूर्वीच्या मापाने परत घालणं, आपल्याच आवारात उघडणारी खिडकी लहान-मोठी करणं, आहे त्या पडवीच्या आत संडास-बाथरूम करणं, यांना एक पानाचा अर्ज, चार बाजूंचे चार फोटो आधीचे, चार फोटो काम झाल्यावर, आणि पोच. मधलं जे आहे, म्हणजे कौलाऐवजी पत्रा, लाकडी खांबाऐवजी सिमेंटचे, पुढची पडवी पूर्ण बंद करणं, त्याचं काय करायचं ते प्रत्येक गावाने आपल्या ग्रामसभेत ठरवावं, कारण मालवणच्या बाजारपेठेला जे लागू होईल ते एखाद्या खाडीकाठच्या वाडीला होणार नाही.

मुंबईत 1995 साली हेरिटेजची नियमावली आली तेव्हा हेच तत्त्व होतं, ग्रेड एकच्या इमारतीला बाहेरून जवळपास हात लावायचा नाही, ग्रेड तीनला बरीच मोकळीक. आम्हाला हेरिटेजचा शिक्का नकोय, तो लागला तर लोक आणखी घाबरतील आणि रात्रीतून घरं पाडतील. फक्त किती बदलाला किती कागद, हे त्यांना जमलं तर आपल्याला का जमू नये?

जो नियम पाळू इच्छितो त्याला नियम काय आहे ते कळत नाही, ही आजची खरी अडचण आहे. ज्याला पाळायचाच नाही तो शनिवार-रविवार बघून काम उरकतो, सोमवारी रंगसुद्धा दिलेला असतो. एमआरटीपीच्या कलम 53 च्या, म्हणजे विनापरवाना बांधकामाच्या, नोटिशीची भीती आम्हालाच, कारण आम्ही विचारायला आलो आणि आमचं नाव तुमच्या रजिस्टरला लागलं.

म्हणून मागणी एकच आहे. वर लिहिलंय त्या तऱ्हेचं एक पान, मराठीत, तुमच्या सहीशिक्क्यानिशी, ऑफिसच्या नोटीस बोर्डावर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा, कुठल्या बदलाला काही लागत नाही, कुठल्याला पोच पुरते, कुठल्याला पूर्ण परवानगी. ते पान करताना नुसते आर्किटेक्ट बोलावू नका, कौलं घालणारे सुतार आणि चिऱ्याचं काम करणारे गवंडीही बोलवा, आमच्याकडे अजून अशी माणसं आहेत, साठी उलटलेली आहेत पण आहेत, मी स्वतः त्यांना घेऊन येईन. यंदाच्या गणपतीच्या आधी एखादी तारीख द्या, आमच्या वाडीतले सगळे येतील, आणि जमलं तर ऑफिसात बसण्यापेक्षा इथेच या, खळ्यात बसू, ओली भिंत आणि कोरडी भिंत दोन्ही दाखवते.

आपली,
किनाऱ्यावरच्या एका वाडीतली घरपट्टी भरणारी रहिवासी